पडद्यावरचा यंत्र-कंपाउंडर

'स्टार वॉर्स' या अमेरिकी चित्रपटमालिकेतील 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' हा चित्रपट १९८० साली प्रदर्शित झाला. त्याच्या पूर्वार्धात, होथ नावाच्या बर्फाळ ग्रहावरील बंडखोरांच्या तळावर, एक छोटे दृश्य आहे. श्वापदाच्या हल्ल्यातून आणि रात्रभराच्या हिमवादळातून कसाबसा वाचलेला नायक ल्यूक स्कायवॉकर एका पारदर्शक टाकीत, औषधी द्रवात तरंगत असतो. टाकीजवळ माणूस डॉक्टर दिसत नाही, परिचारिकाही दिसत नाही. तिथे उभी असतात ती दोन यंत्रे. त्यांपैकी एकाचा आकार माणसासारखा असून बोटे बारीक आहेत आणि छातीवरील पारदर्शक आवरणातून आतली यंत्रणा दिसते. हा 'टू-वन-बी', म्हणजे शल्यविशारद यंत्रमानव. दुसऱ्याला चेहरा म्हणावा असे काही नाही. उभ्या पिंपासारखे धड आणि त्याभोवती घडी घालून ठेवलेले अनेक बारीक हात, एवढेच त्याचे रूप. तो 'एफएक्स-७', वैद्यकीय मदतनीस यंत्रमानव.

चित्रपटात या दुसऱ्या यंत्राच्या वाट्याला जेमतेम काही क्षण आले आहेत आणि संवाद तर एकही नाही. तरीही विज्ञानकथेतील वैद्यकाचा विचार करताना टू-वन-बीपेक्षा एफएक्स-७ अधिक बोलका ठरतो. शल्यक्रिया करणारे यंत्र ही कल्पना आकर्षक असली तरी ती जुनी आहे. डॉक्टरच्या शेजारी उभे राहून नाडी, श्वास आणि तापमान मोजत राहणारे, द्रवाची पातळी पाहणारे, उपकरण हातात देणारे आणि नोंद ठेवणारे यंत्र ही त्यामानाने साधी कल्पना. मात्र रुग्णालयाचा दिवस ज्यांच्यावर चालतो, ती कामे हीच आहेत. मराठी वाचकाला परिचित असलेल्या भाषेत सांगायचे तर एफएक्स-७ हा दवाखान्यातला कंपाउंडर होय.

मालिकेच्या विश्वात या दोघांतील कामाची वाटणी स्पष्ट आहे. निदान आणि शस्त्रक्रिया टू-वन-बीकडे, तर निरीक्षण आणि सहाय्य एफएक्स मालिकेतील यंत्रांकडे. त्या औषधी द्रवाला चित्रपटाशी संलग्न साहित्यात 'बॅक्टा' असे नाव आहे. जखमा भरून आणणारा हा द्रव इतका गुणकारी दाखवला आहे की उपचाराची निम्मी अडचण लेखकांनी तिथेच सोडवून टाकली, असे म्हणावे लागते. चित्रपटाच्या शेवटी ल्यूकला तुटलेल्या हाताच्या जागी कृत्रिम हात बसवला जातो. टू-वन-बी त्या हाताच्या बोटांना सुईने टोचून पाहतो आणि बोटे झटक्याने मागे येतात. संवेदना परत आली आहे की नाही, हे पाहण्याची ही पद्धत डॉक्टरांच्या नित्याच्या तपासणीतलीच आहे. वैद्यकीय यंत्रमानवाविषयी प्रेक्षकांच्या मनात आपुलकी निर्माण झाली, ती या सुईमुळे.

सुईची दुसरी बाजू

ही आपुलकी पुरतेपणी निर्वेध मात्र नाही. याच मालिकेच्या १९७७ सालच्या पहिल्या चित्रपटात कैदेतील राजकन्या लिआच्या कोठडीत एक काळा गोळा तरंगत शिरतो. त्याच्याही पुढे इंजेक्शनची सुई असते. तो चौकशी करणारा, म्हणजे छळ करणारा यंत्रमानव आहे. त्याला लागणारे शरीरशास्त्राचे ज्ञान डॉक्टरला लागते तेच. फरक आहे तो हुकूम कोणाचा, एवढाच.

हा फरक २००५ सालच्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये अधिक गडद होतो. चित्रपटाच्या अखेरीस दोन शस्त्रक्रिया एकाआड एक दाखवल्या आहेत. एका ठिकाणी भाजून निघालेल्या अनाकिनचे शरीर यंत्रमानव पुन्हा जुळवत आहेत. तो वेदनेने किंचाळतो. यंत्रांचे हात थबकत नाहीत. त्या टेबलावरून उठतो तो डार्थ व्हेडर. दुसऱ्या ठिकाणी, पोलिस मासा नावाच्या दूरच्या केंद्रावर, त्याची पत्नी पद्मे जुळ्यांना जन्म देत आहे. तिथला वैद्यकीय यंत्रमानव बाहेर येऊन सांगतो, की वैद्यकीयदृष्ट्या ती पूर्ण निरोगी आहे, तरीही कारण कळत नाही आणि ती हातातून निसटते आहे. तिची जगण्याची इच्छाच संपली आहे. जुळी वाचतात, आई वाचत नाही.

या निदानाची चित्ररसिकांनी आणि डॉक्टरांनीही पुष्कळ थट्टा केली. एवढ्या प्रगत संस्कृतीला बाळंतिणीचा जीव वाचवता येऊ नये, हे कथेतील वैगुण्य खरेच. परंतु यंत्राच्या तोंडी घातलेले ते विधान प्रामाणिक आहे. जे मोजले ते ठीक आहे, आणि जे बिघडले आहे ते मोजण्याचे साधन आपल्याकडे नाही, एवढेच ते सांगते. डॉक्टरांना हे वाक्य उच्चारणे जड जाते.

या विश्वातील यंत्रमानवांना कोणताही नैतिक नियम बांधील करत नाही, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. आयझॅक असिमॉव्ह यांनी १९४२ साली 'रनअराउंड' या कथेत यंत्रमानवांचे तीन नियम मांडले आणि त्यांत माणसाला इजा न करण्याचा नियम पहिला ठेवला. पुढे १९७६ सालच्या 'द बायसेंटेनियल मॅन' या त्यांच्या कथेत शल्यविशारद म्हणून काम करणारा यंत्रमानव येतो. माणूस व्हावे असे त्याला वाटत नाही. अधिक चांगला शल्यविशारद होण्यापुरतीच त्याची इच्छा असते. टू-वन-बीला असा नियम नाही आणि अशी इच्छाही नाही. बंडखोरांच्या तळावर असला तर तो बंडखोरांवर उपचार करतो, सम्राटाच्या प्रयोगशाळेत असला तर सम्राटाचे काम करतो.

तात्पुरती नेमणूक

इतर कथाविश्वांतही वैद्यकीय मदतनीस आढळतात. 'स्टार ट्रेक: व्हॉएजर' (१९९५ ते २००१) या दूरचित्रवाणी मालिकेतील डॉक्टर हा प्रकाशाची त्रिमितीय प्रतिमा आहे. मूळ योजनेनुसार तो आणीबाणीच्या वेळी थोडा काळ सुरू करायचा पूरक कार्यक्रम. पहिल्याच भागात यानावरचे वैद्यकीय अधिकारी मरण पावतात आणि हा पूरक कार्यक्रम सात वर्षे पूर्णवेळ डॉक्टर म्हणून राबतो. रिक्त पद भरेपर्यंत केलेली तात्पुरती नेमणूक वर्षानुवर्षे चालू राहते, हा अनुभव महाराष्ट्रातील ग्रामीण आरोग्यसेवेला परका नाही. मालिकेच्या लेखकांना मात्र त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. या डॉक्टरची दुसरी अडचणही ओळखीची वाटेल अशी आहे. जिथे प्रक्षेपक बसवलेले आहेत त्या रुग्णकक्षाबाहेर त्याला पाऊल टाकता येत नाही. तिसऱ्या पर्वात त्याला अंगावर वागवता येण्याजोगे एक छोटे उपकरण मिळते, तेव्हा कुठे तो रुग्णापर्यंत जाऊ शकतो. तोवर रुग्णानेच त्याच्यापर्यंत यायचे.

रिडली स्कॉट यांच्या 'प्रोमिथिअस' (२०१२) या चित्रपटात यानावर शस्त्रक्रिया करणारी स्वयंचलित पेटी आहे. नायिका एलिझाबेथ शॉ जिवाच्या आकांताने तिथे पोहोचते आणि पोट फाडण्याची शस्त्रक्रिया मागते. पेटी उत्तर देते, की तिची जुळणी केवळ पुरुष रुग्णांसाठी केलेली आहे. शॉला मग यंत्राला समजेल अशा शब्दांत, पोटातील बाहेरची वस्तू काढण्याची शस्त्रक्रिया म्हणून, तेच काम सांगावे लागते. भयपटातील हा प्रसंग वैद्यकीय यंत्रांच्या इतिहासावरचे नेमके भाष्य आहे. यंत्र कोणाच्या शरीरावर शिकले, हा प्रश्न त्याच्या कौशल्याच्या आधी विचारायला हवा.

या मालिकेतील सर्वांत लाडका सदस्य म्हणजे 'बिग हिरो ६' (२०१४) मधील बेमॅक्स. फुग्यासारख्या मऊ अंगाच्या या शुश्रूषक यंत्रमानवामागे अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात चाललेल्या मऊ यंत्रांच्या संशोधनाची प्रेरणा होती. तो रुग्णाला वेदना एक ते दहा या मापात सांगायला लावतो आणि उपचाराने समाधान झाले असे रुग्णाने म्हटल्याशिवाय रजा घेत नाही. ही दुसरी अट प्रत्यक्षातील किती रुग्णालयांना झेपेल, हा प्रश्नच आहे.

मराठी विज्ञानकथेत यंत्रमानव आला, परंतु शुश्रूषेच्या निमित्ताने तो फारसा गाजला नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून या प्रांतात उतरलेले डॉ. जयंत नारळीकर (निधन २०२५) यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीतील वामन हा या परंपरेतील ठळक यंत्रमानव. लुप्त संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानाच्या आधारे घडवलेला वामन माणसाहून बुद्धिमान आहे आणि धोका आहे तो त्याच्या बुद्धीचाच. सलाइनची बाटली बदलणाऱ्या यंत्रावर कोणी कादंबरी लिहिली नाही. त्यात नवल नाही, कारण मदतनिसावर कादंबरी माणसांच्या बाबतीतही क्वचितच लिहिली जाते.

एफएक्स-७ यवतमाळला आला तर

हा मदतनीस महाराष्ट्रात कुठे उभा करून पाहावा, असा विचार केला तर यवतमाळ जिल्हा डोळ्यांसमोर येतो. सोळा तालुके, कापसाचे क्षेत्र मोठे, पैनगंगेच्या आणि वर्धेच्या खोऱ्यांत विखुरलेली खेडी, तांडे आणि पोड. उपचाराची भिस्त यवतमाळ शहरातील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयावर. हे महाविद्यालय १९८९ साली सुरू झाले.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत या जिल्ह्यात जे घडले, त्याची नोंद देशभर झाली. कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. उंच वाढलेली कपाशी, तीत शिरून डोक्याच्या पातळीवर केलेली फवारणी, उघडे हात, दमट हवा आणि एकत्र मिसळलेली औषधे अशा अनेक कारणांची तेव्हा चर्चा झाली.

अशा वॉर्डात एफएक्स-७ काय करील? सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशक शरीरात गेले, की मज्जातंतूंचे संदेश थांबवणारे विकर निकामी होते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ वाहते, फुप्फुसांत स्राव भरतो, नाडी मंदावते. उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात; पण ते एकदा टोचून काम संपत नाही. दर काही मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी मोजायची, स्राव आटले नसतील तर मात्रा दुप्पट करायची. छाती मोकळी झाली आणि नाडीने वेग धरला, की मात्रा स्थिर ठेवायची. औषध कमी पडले तर रुग्ण स्वतःच्याच स्रावात गुदमरतो. जास्त झाले तर त्याला ताप चढतो, पोटाची हालचाल थांबते, तो बडबडू लागतो आणि कॉटवरून उठून पळू पाहतो. एका रुग्णासाठी हे करणे कष्टाचे; एका रात्रीत अनेक जण आले, तर निवासी डॉक्टर आणि परिचारिका यांच्या डोळ्यांना डोळा लागत नाही. न थकता, न विसरता, दर पाच मिनिटांनी तीच चार मोजमापे घेणे हे नेमके एफएक्स-७ चे काम आहे. त्याचे अनेक हात इथे शोभेचे ठरणार नाहीत.

मात्र उपचाराची दिशा ठरते ती त्याआधीच्या एका प्रश्नावर: फवारले काय? ॲट्रोपिन सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेट गटांच्या विषावर चालते. पायरेथ्रॉइड किंवा त्यानंतर बाजारात आलेल्या इतर गटांच्या कीटकनाशकांवर ते उतारा नव्हे. एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळली असतील, तर गुंता आणखी वाढतो. विकराची पातळी मोजणाऱ्या रक्तचाचणीने काही उलगडा होतो. परंतु दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारणाऱ्या माणसाला बाटलीवरचे नाव बहुधा ठाऊक नसते. बाटली बांधावर किंवा गोठ्यात पडलेली असते. कोणीतरी गावात फोन लावून ती शोधायला सांगावी लागते, मोटारसायकलवरून आणवावी लागते. शेतमालक पोलिसांच्या धास्तीने बोलायला तयार नसेल, तर त्याची समजूत काढावी लागते. विष फवारताना गेले की जाणूनबुजून घेतले, हाही प्रश्न शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या जिल्ह्यात विचारावा लागतो, आणि तो नातेवाइकांच्या घोळक्यात विचारून चालत नाही. एफएक्स-७ च्या पिंपासारख्या धडात यासाठी एकही हात नाही.

भाषेचे तेच. जिल्ह्यात वऱ्हाडी वळणाची मराठी, कोलामी, गोंडी आणि बंजारा समाजाची गोरमाटी बोलली जाते. तेलंगणाच्या सीमेकडे तेलुगूही कानी पडते. 'जीव घाबरा होतो' असे रुग्ण म्हणतो, तेव्हा त्याला मळमळ, छातीतील धडधड, श्वास कोंडणे किंवा निव्वळ भीती, यांपैकी काहीही अभिप्रेत असू शकते. वॉर्डातील जुनी परिचारिका बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा अर्थ लावते. बेमॅक्सचे एक ते दहाचे माप इथे कितपत लागू पडेल, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. 'स्टार वॉर्स'मध्येही भाषांतराचे काम वैद्यकीय यंत्रांकडे नाही. त्यासाठी साठ लाखांहून अधिक भाषा जाणणारा सी-थ्रीपीओ हा वेगळा यंत्रमानव नेमलेला आहे.

दुसरा प्रसंग ३१ जानेवारी २०२१ चा. राष्ट्रीय पल्स पोलिओ मोहिमेच्या दिवशी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी इथे १२ बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी हातांवर लावण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करण्यात आले. सुदैवाने सगळी बचावली. संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. करोनाच्या त्या काळात लसीच्या पेटीशेजारी सॅनिटायझरची बाटली ठेवणे सर्वत्र रूढ झाले होते, हेही विसरता येत नाही.

चित्रपटातील यंत्रमानवाच्या हातून ही चूक झाली नसती, असे कोणीही म्हणेल, आणि ते बरोबरही आहे. परंतु ती टाळणारे एक चिमुकले साधन पोलिओच्या खऱ्या कुपीवर असतेच. १९९६ पासून तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लशीच्या कुप्यांवर उष्णतेने रंग बदलणारी खूण येऊ लागली. एका वर्तुळात एक चौकोन असतो. लस नीट थंड राहिली असेल तर चौकोन वर्तुळापेक्षा फिका दिसतो. उष्णता लागत गेली तसा तो गडद होत जातो. चौकोन वर्तुळाइतका काळवंडला, की कुपी टाकून द्यायची. या खुणेला वीज लागत नाही, भाषा लागत नाही. सॅनिटायझरच्या बाटलीवर असा चौकोन नसतो. तो दर वेळी शोधण्याची सवय हाताला लागली, तर बाटल्यांची अदलाबदल आपोआप उघडी पडते. पण पाहायचे माणसानेच.

शरीर नसलेले मदतनीस

प्रत्यक्षातील वैद्यकीय यंत्रमानव म्हटले, की वाचकांना शस्त्रक्रियागृहातील 'दा विंची' ही यंत्रणा आठवते. अमेरिकेत तिला २००० साली मान्यता मिळाली आणि पुढे ती मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतही आली. या यंत्रणेचे हात स्वतः काहीही ठरवत नाहीत. शल्यविशारद शेजारच्या आसनावर बसून जी हालचाल करतो, तीच ते अधिक सूक्ष्मपणे करतात. ७ सप्टेंबर २००१ रोजी फ्रेंच शल्यविशारद जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून, दुसऱ्या एका यंत्रणेच्या साह्याने, फ्रान्समधील स्ट्रासबर्ग इथल्या रुग्णेचे पित्ताशय काढले. त्या वेळीही यंत्राने फक्त अंतर मिटवले. निर्णय माणसाचाच होता. टू-वन-बीच्या जवळपासही ही यंत्रे जात नाहीत.

एफएक्स-७ चे तसे नाही. त्याची कामे सुटी होऊन, शरीर न धारण करता, रुग्णसेवेत शिरली आहेत. मुंबईत २०१६ साली स्थापन झालेल्या 'क्युअर डॉट एआय' या कंपनीची संगणकप्रणाली छातीचा एक्स-रे वाचून क्षयरोगाची शंका नोंदवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली, १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग चाचपणीसाठी अशा प्रणाली वापरण्याची शिफारस केली. क्ष-किरणतज्ज्ञ नसलेल्या तालुक्यात तिचे मोल मोठे आहे. वयाची मर्यादा मात्र 'प्रोमिथिअस'मधील पेटीची आठवण करून देते. लहान मुलांचा एक्स-रे वाचणे वेगळे असते आणि त्यासाठी पुरेसा पुरावा त्या वेळी नव्हता. फरक असा, की इथे ही मर्यादा वापरणाऱ्याला आधीच सांगितलेली आहे.

यंत्राच्या स्मृतीत जे भरलेले नाही, त्याचे काय, हा प्रश्न उरतो. त्याचे महाराष्ट्रातील उदाहरण कोकणातले आहे. १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर काम करू लागले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशावर पाठ्यपुस्तकांत खात्रीचा उपाय नव्हता. मुले दगावत. डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून त्यांची लक्षणे टिपली आणि १९८२ साली ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध या दंशावर उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवले. टू-वन-बीच्या स्मृतीत त्या वेळची सारी पाठ्यपुस्तके भरली असती, तरी बिरवाडीत ती अपुरी पडली असती. नोंदी ठेवणारा एफएक्स-७ मात्र बावस्करांना हवाच होता. तो नसल्यामुळे नोंदीही त्यांनीच केल्या.

विदर्भापुरते पाहायचे तर मदतनीस यंत्राचा सर्वांत चांगला नमुना यवतमाळच्या पूर्वेला, गडचिरोली जिल्ह्यात तयार झाला. तिथे 'सर्च' संस्थेचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना बालकांतील न्यूमोनिया गावपातळीवर ओळखायचा होता. न्यूमोनियात श्वासाची गती वाढते; ती मिनिटाला किती, हे मोजले की शंका घेता येते. परंतु गावातील सुईणींना एवढी मोजणी येत नव्हती. बंग दांपत्याने त्यांच्यासाठी श्वासगणक तयार केला. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या, एक अगदी तान्ह्या बाळांसाठी आणि दुसरी त्यांच्याहून मोठ्या बालकांसाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. या उपकरणावरील त्यांचा लेख १९९२ साली एका भारतीय बालरोग नियतकालिकात आला.

पुढे याच संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरोघरी सेवेचे प्रशिक्षण दिले. त्या प्रयोगात ३९ गावांतील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी तुलनेतील गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले. २०११ पासून ही पद्धत देशातील आशा कार्यकर्त्यांच्या कामाचा भाग झाली. आशाताईंच्या पिशवीत त्यासाठी थर्मामीटर, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि बाळाला झोळीत टांगून वजन करण्याचा काटा असतो. एफएक्स-७ च्या धडात बसवलेली तीन उपकरणे हीच, वजनाने मात्र बरीच हलकी. घाटंजी किंवा झरी-जामणी तालुक्यातील एखाद्या पोडावर ती घेऊन जाणारी आशा आधी ओसरीवर टेकते, बाळाच्या आजीशी चार शब्द बोलते, हात धुते आणि मग बाळ मागते.